एका मडक्यात दोन नळ्या

मुसागारा टेकडी, बुरुंडी
६ जुलै २००९

ती. स्पेसिओजताईस,
साल्वातोरचा सा. न. वि. वि.

टांझानियाच्या छावणीतून परतलीस आणि सख्खा भाऊ असताना तलावाकाठी चर्चच्या खोलीत राहतेस, हे बरं दिसत नाही. लहानपणी कत्तलीच्या त्या पळापळीत आत्याने तुला सीमेपार नेलं, मी आईच्या पाठीला बांधलेला होतो. त्यात तुझा काय दोष? छावणीत तुला लिहिलं होतं तेच आजही म्हणतो, आईची अर्धी केळबाग तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. फक्त कोर्टात अर्ज देऊ नकोस. तिथे निकाल लागेपर्यंत आपल्या नातवंडांना दाढ्या येतील. रविवारी झाडाखाली पंच बसतील, घरचं घरात मिटेल. तुझी भाची रोझिन विचारते, आत्या माझ्यासारखीच बुटकी आहे का?

लोभ आहेच, ये आणि वाढव.
तुझा धाकटा,
साल्वातोर


न्यान्झा-लाक
१५ जुलै

साल्वातोर यास,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून थेट लिहिते.

रविवारी थोरले पंच बारांदेरेका म्हणाले, की मुलीला वाटा नसतो. बहिणीने ओढ्याकाठची पट्टी हयातभर कसावी, बाग भावाची. मी उभी राहून नाही म्हणाले. तू खाली मान घालून गवत उपटत होतास. अर्ध्या बागेचा शब्द काढला नाहीस.

मग केळ्याच्या दारूचं मडकं आलं. मला वाटलं, उन्हात बसलेल्यांचा पाहुणचार. तू बोरूची नळी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, ताई, घसा सुकला असेल, जन्मात एकदा तरी एका मडक्यातून पिऊ. माझे डोळे भरून आले रे. मी प्यायले. पंचांनी काठी जमिनीवर आपटली आणि सगळे उठले.

काल कोर्टात गेले. कारकुनाने एवढंच विचारलं, की पंचांसमोर भावाबरोबर प्यायलात का? हो म्हणताच हसला. म्हणाला, मावशी, मग निवाडा तुम्हाला मान्य झाला, आता इथे कशाला चपला झिजवता?

छावणीत वाढलेल्या मला ही रीत ठाऊक नव्हती. तुला होती.

स्पेसिओज


मुसागारा टेकडी
२२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला ठाऊक नसेल असं माझ्या मनातही आलं नाही. इथे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि मला चार मुलगे. बाग चिरली तर प्रत्येकाच्या वाट्याला एकेक घड तरी येईल का? पट्टीही वाईट नाही, रताळी झकास येतात. पावसाळ्यात थोडं पाणी चढतं, इतकंच.

पुढच्या महिन्यात रोझिनचं लग्न. आत्याने पहिला घोट घेतल्याशिवाय पाहुण्यांत मडकं फिरत नाही. तू आली नाहीस तर व्याही काय म्हणतील?

राग गिळ, लोभ ठेव.
साल्वातोर


न्यान्झा-लाक
२९ जुलै

साल्वातोर यास,

लग्नाला येते. रोझिनला सांग, आत्या बुटकीच आहे आणि तिच्यासाठी स्वतः विणलेली टोपली आणते आहे. तिच्या डोक्यावर हात ठेवीन, पुढच्या रांगेत बसेन. बारांदेरेका आणि बाकीचे पंच समोर असतीलच.

मडकं माझ्यापुढे ठेव. नळी तूच हातात दे, मागच्यासारखीच गोड बोलून. मी ती ओठांना लावणार नाही. मांडीवर आडवी ठेवून बसून राहीन. प्यायल्याचा अर्थ तू मला शिकवलास. न प्यायल्याचा अर्थ तिथे शेंबड्या पोरालाही कळतो म्हणे. पंचांनी विचारलं, की बाई, अजून काय राहिलं, तर सांगेन.

रोझिनला अनेक आशीर्वाद. तुझे राखून ठेवले आहेत, जशी तू माझी अर्धी बाग राखली होतीस.

स्पेसिओज