फेलिसासाठी पिल्लू

३ मार्च
फेलिसा वालेन्सियाला बहिणीकडे जाऊन महिना झाला. रागाने गेलीये, कायमची नाही. जाताना म्हणाली, "तेओ, तुला कोणाचं ऐकूच येत नाही." कान तपासून घेतले. ठणठणीत आहेत.
प्लॅन: येत्या रविवारी तिचा वाढदिवस. लग्नापासून तिला कुत्र्याचं पिल्लू हवंय, मीच नको म्हणायचो. शेजारच्या नांग लोरेतांच्या, म्हणजे लोरेताताईंच्या, कुत्रीला पिल्लं झालीत. पिल्लू बघून विरघळेल.

४ मार्च
नांग लोरेता म्हणाल्या, "अरे, पाच आठवड्यांचीच आहेत. आठ होईपर्यंत आईपासून तोडू नये." म्हटलं, वाढदिवस थांबणार आहे का? तीस वर्षं सेबूच्या बोटीवर स्वयंपाकी होतो मी. बोटभर माणसं जेवू घातली, हे तर मूठभर! शेवटी म्हणाल्या, "तुझ्याशी कोण वाद घालणार?" म्हणजे हो. घेऊन आलो. केळीच्या पानात वाफवलेल्या चिकट भाताच्या बुदबुदसारखं गुबगुबीत. नावही तेच ठेवलं.

५ मार्च
रडतंय. कुंपणापलीकडून आई ओ देते, म्हणून जास्त लाडावतं. रेडिओ मोठा केला.

६ मार्च, दुपार
पेज नको, मासा नको. पण डब्यातलं दूध प्यायलं! म्हटलं होतं ना.
संध्याकाळ. सगळं बाहेर आलं. पोट साफ होतंय, चांगलंच आहे.

८ मार्च
जनावरांची डॉक्टर ओरडली. म्हणे आत्ताच्या आत्ता आईकडे न्या. मान डोलावली. पण रविवार परवावर आलाय. एकदा फेलिसाने पाहिलं की लगेच नेतो. दिवसभर शर्टाच्या आत, छातीशी धरून बसलो. बारीक थरथरत होतं. एकदा हनुवटी चाटली. सुधारतंय.

१० मार्च
माझा निरोप मिळाल्यावर फेलिसा आली. म्हटलं, झोपलंय. तिने हात लावून पाहिलं. मग परसात लिंबाखाली खड्डा खणायला लागली. मी फावडं मागितलं, तिने दिलं नाही. पलीकडे कुत्री कुंपण हुंगत फिरत होती.
वाढदिवसाच्या शेवया केल्या होत्या. विचारलं, जेवून जातेस? म्हणाली, "तीन आठवडे थांबायचं होतं रे फक्त." हात धुऊन गेली.
शेवया ढवळल्या, झाकून ठेवल्या.

२५ मार्च
आठ आठवडे भरले. नांग लोरेतांची उरलेली पिल्लं गेली. एक फेलिसाने नेलं. पलीकडे येऊन गेली, मला पत्ताही नाही. आईच्या अंगाखालचं फडकंसुद्धा मागून नेलं म्हणे, पिल्लाला वास राहावा म्हणून.
विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली? नांग लोरेता कपडे वाळत घालायला लागल्या.
म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. तिला पिल्लूच हवं होतं.