इष्टलिंग आतच राहिलं

अव्वाला गुरुसिद्धाचे शरणु शरणार्थी.

मी बरा आहे. हे आधी वाच, मग पुढचं. परवा फोन केला तेव्हा हेच सांगणार होतो, पण तुझा आवाज ऐकून धीरच झाला नाही.

अणुवीज केंद्रात रसायनाचं आणि किरणोत्सारी सांडपाणी साफ करतात, तिथं मी मदतनीस आहे. पाणी साबुदाण्याएवढ्या मण्यांतून सोडतात, मणी त्यातलं वाईट धरून ठेवतात. साबुदाण्यावरून आठवलं, धाकट्या अक्षताचे सोमवारचे उपास चालू आहेत का गं?

आत अंगावर आपलं काही ठेवायचं नाही, असा नियम आहे. पण गळ्यातलं इष्टलिंग अंगावेगळं करायचं नाही, हे तूच शिकवलंस. मी ते कपड्याखाली तसंच ठेवलं. मंगळवारी पाइपाचा जोड सुटला आणि त्या सांडपाण्यानं छाती भिजली. बाहेर पडताना तपासणीचं यंत्र बोंबललं.

साहेब ओरडले, "गळ्यात काय आहे रे?"

"देव हाय, साहेब."

"मग देवाला बाहेर ठेवून यायचं की!"

मला तीनदा आंघोळ घातली, मी स्वच्छ निघालो. लिंग कितीदा धुतलं, तरी यंत्र गप्प बसेना. शेवटी पिवळ्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या पिंपात टाकलं, माझ्यासमोर. आता ते कधीच मिळणार नाही.

लिंगपूजा झाली नाही, म्हणून त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी भूक आवरली नाही, पूजेविना जेवलो.

पुढच्या महिन्यात मोहोळला उतरतोय. आधी मठात जाऊन दुसरं लिंग घेऊ, की असाच आलो तर घरात घेशील?

तुझाच लेक,
गुरुसिद्ध