अध्यक्ष तटस्थ आहेत

२ मे

रोजनिशी पुन्हा सुरू. मागची जानेवारीत सुरू केली होती, ती जानेवारीतच बंद पडली. लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आता घडलंय.

वाचनालयाचे सेक्रेटरी शोरूममध्ये आले. मला वाटलं, गादी घ्यायला. (मार्चपासून एकही डबल बेडची गादी गेलेली नाही. या उकाड्यात फोमवर पाठ टेकायची कोणाची तयारी नाही. मालकांच्या मते दोष उकाड्याचा नसून मॅनेजरचा. मॅनेजर मी.) पण त्यांचं काम वेगळं होतं. सतरा तारखेला वाचनालयात जाहीर चर्चा आहे. विषय : जागतिक तापमानवाढीच्या धोक्याचा बाऊ केला जातोय का? 'केला जातोय' म्हणणार आपले डेंटिस्ट. 'नाही' म्हणणार कॉलेजातल्या भूगोलाच्या बाई. शेवटी लोक हात वर करून मत देणार. अध्यक्ष पाहिजे. सेक्रेटरी म्हणाले, ज्याला स्वतःचं असं काही मतच नाही असा माणूस हवा होता, सगळ्यांनी एकमुखाने तुमचं नाव घेतलं.

भरून आलं.

३ मे

संकल्प : रोज सकाळी सहाला उठून हॉलमध्ये आरशासमोर तासभर भाषणाची प्रॅक्टिस.

आठला उठलो. उद्यापासून.

हिने भलत्याच वेळी विषय काढला. बाबांना वरच्या खोलीतून खाली हॉलमध्ये आणू या म्हणाली. आई गेल्यापासून बाबा गच्चीवरच्या खोलीत राहतात. आयुष्यभर शिवणकाम केलं, मशीनही वरच आहे, अजून कोणाची चेन बसवून दे, कोणाची कॉलर उलटून दे, चालू असतं. ही म्हणते, दुपारी तिथे उभं राहवत नाही. बाबा म्हणतात, मला काय धाड भरलीये?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. शिवाय हॉल मला प्रॅक्टिसला लागतो. सतरा तारीख झाली की तिघांनी शांतपणे बसून सर्व बाजूंनी विचार करायचा, असं सुचवलं. ही काही बोलली नाही. म्हणजे पटलं असावं.

६ मे

दोन्ही वक्त्यांकडून मुद्दे मागवले होते. बाईंनी सोळा पानं पाठवली, आकडे, आलेख, सगळं. डेंटिस्टनी अर्धं पान, तेही औषधाच्या चिठ्ठीवर. एका बाजूवर अन्याय नको, म्हणून बाईंना कळवलं की आपणही अर्ध्या पानावर या. त्यांनी फोन करून विचारलं, डॉक्टरांना सोळा पानं लिहायला का नाही सांगत? मी म्हटलं, कोणावर जबरदस्ती करणं अध्यक्षाला शोभत नाही.

यालाच बॅलन्स म्हणतात. फार थोड्यांना जमतो.

८ मे

माझा एकुलता एक कोट बसत नाही. कापड आटलं असावं. बाबांकडे नेला. बाबा खूश! जाहीर सभेचा अध्यक्ष म्हणजे काय, म्हणाले, झकास करून देतो. माप घेताना ओरडले, पोट आत घेऊ नकोस, मशीनला खोटं माप चालत नाही. दोन्ही बाजूंनी उसवून मोठा करावा लागणार. अस्तरही नवीन.

खोलीत बरंच गरम होतं. पण अकरा वाजले होते, अकरा वाजता गरम असणारच.

१० मे

ही रात्री वर जाऊन ओली चादर खिडकीला बांधून आली. म्हणाली, दिवस मावळून इतका वेळ झाला तरी भिंतीला हात लावला की चटका बसतो. मी म्हटलं, एका भिंतीवरून निष्कर्ष काढता येत नाही. त्यावर ती म्हणाली, वर चार भिंती आहेत.

अशी चर्चा व्यक्तिगत पातळीवर नेली की मला बोलता येत नाही.

१२ मे

ताईचा फोन. हिनेच कळ लावलेली दिसते. ताई गावाबाहेर राहते, झाडं आहेत, बैठं घर. तिला काय, बोलायला सोपं. म्हणाली, बाबांना खाली का आणत नाहीस? मी म्हटलं, विषय विचाराधीन आहे. त्यावर म्हणाली, तू लहानपणापासून असाच, आईबाबांचं वाजलं की कपाटात जाऊन बसायचास.

तिला हे कधीच कळलं नाही की कपाटातून दोन्ही बाजू सारख्या ऐकू यायच्या.

१३ मे

शोरूमचा एसी बंद पडला. गिऱ्हाइकं आत यायची ती गादीसाठी नव्हे, हे आज सिद्ध झालं. दिवसभर एकही माणूस नाही. मालक म्हणाले, तुम्ही तरी कशाला येता?

थट्टा करतात कधीकधी.

१४ मे

सेक्रेटरींनी नियम वाचून दाखवले. समसमान मतं पडली तर अध्यक्षाचं मत निर्णायक! मी तीनदा वाचायला लावलं.

आज जेवणाच्या सुट्टीत एका गादीवर पडून बाईंची सोळाच्या सोळा पानं वाचून काढली. आता या वहीत कोण बघतंय म्हणून लिहितो. पटलं. डेंटिस्ट म्हणतात तेही खोटं नाही, बातम्यांत कधीकधी फुगवून सांगतात. पण बातमी फुगवली म्हणून ताप उतरत नाही, हे बाईंचं वाक्य. आणि ते रात्रीचं. दिवस तापतो त्याहून रात्र थंड होत नाही हे वाईट, म्हाताऱ्या शरीराला सावरायला उसंत मिळत नाही.

ठरलं. समसमान झाली तर उभा राहणार आणि खणखणीत आवाजात बाईंच्या बाजूने मत देणार. कोणाला काय वाटेल ते वाटो.

आरशासमोर म्हणून पाहिलं. फार छान वाटलं.

१६ मे

बाबा आज जेवले नाहीत. सुईत दोरा जाईना म्हणून हिला हाक मारली. बाबांनी! ही खाली येऊन म्हणाली, आत्ताच्या आत्ता आणा त्यांना. मी समजावलं की उद्या कार्यक्रम आहे, हॉलमध्ये माझे कागद पसरलेत, सगळे क्रमाने लावलेत. आणि मशीन लोखंडी आहे, दोन माणसं लागतील. अठरा तारखेला सकाळी पहिलं काम तेच. शब्द दिला.

ती म्हणाली, मशीन राहू दे, माणूस आणा. पण माणूस मशीनशिवाय यायला तयार नाही, ही वस्तुस्थिती ती लक्षात घेत नाही.

१७ मे, सकाळ

मोठा दिवस. कोट तयार! बाबा स्वतः घेऊन खाली आले, कठड्याला धरून. चेहरा लालबुंद. अंगात घालून दिला, मागून पुढून पाहिलं, बाही ओढली आणि म्हणाले, आता दिसतोस अध्यक्ष. अस्तराचे दोन टाके राहिलेत म्हणून पुन्हा काढून घेतला. ही म्हणाली, इथेच बसून घाला. त्यांना मोठी सुई लागते, ती वर. गेले. अर्ध्या तासाने कोट जिन्यावरून खाली सोडला, स्वतः आले नाहीत. मी खालूनच ओरडलो, फर्स्ट क्लास झालाय!

काहीतरी म्हणाले. नीट ऐकू आलं नाही. उशीर होत होता.

१८ मे

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. क्रमाने लिहावं म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

सभागृह भरलं होतं. पंखे फिरत होते, पण गरमच हवा घुसळत होते. मी कोटात. सुरुवातीलाच सगळ्यांना मोबाईल बंद करायला सांगितले आणि उदाहरण म्हणून आधी स्वतःचा केला. टाळ्या पडल्या.

डेंटिस्ट छान बोलले. आमच्या लहानपणीही उकडायचं, फक्त ते सांगायला चॅनल नव्हतं. लोक हसले. भीती विकली जाते, म्हणाले, मुलांची झोप उडवली या लोकांनी. काही भाग खरा वाटला. बाई उठल्या. आवाज बारीक. त्यांनी आधीच सांगितलं की माझ्याकडे अर्ध्या पानाचा वेळ आहे. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, ऐकू येत नाही. मी घंटी वाजवून शांतता राखली. त्यात त्यांचं एक वाक्य गेलं.

हात वर झाले. सेक्रेटरींनी दोनदा मोजले. समसमान.

उभा राहिलो. सगळे माझ्याकडे बघत होते. बाईसुद्धा. वाक्य तोंडात तयार होतं. तेवढ्यात डेंटिस्टनी माझ्याकडे बघून हसून मान हलवली. माझी दाढ त्यांच्याकडे अर्धवट आहे. मी म्हटलं, मित्रहो, आज कोणी हरलं नाही. दोन्ही बाजू तोलामोलाच्या आहेत, सत्य कुठेतरी मध्ये असतं, आणि म्हणून अध्यक्ष तटस्थ आहेत.

बराच वेळ बोललो. बाईंनी मध्येच कागद गोळा केले आणि गेल्या.

बाहेर येऊन मोबाईल चालू केला. हिचे कॉल. एकापाठोपाठ एक, मोजले नाहीत. बाबा मशीनवरच कोसळले होते. अंगाला हात लावता येत नव्हता इतका ताप, आणि घाम म्हणून नाही. हिने शेजारच्यांच्या मदतीने खुर्चीत बसवून खाली उतरवलं.

पोचलो तेव्हा ताई आधीच आलेली. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, किती दिवस होते त्या खोलीत? मी सांगायला लागलो की वय, जुनं ब्लडप्रेशर, पाणी कमी पिण्याची सवय, अशी अनेक कारणं एकत्र... त्यांनी हिच्याकडे वळून तोच प्रश्न पुन्हा विचारला. ही म्हणाली, सगळा उन्हाळा.

कोट अजून अंगातच होता. ताई म्हणाली, काढ तो.

२१ मे

बाबांनी डोळे उघडले. उजवा हात उचलत नाही. बोलतात, पण शब्द लागत नाहीत. मला बघून काहीतरी म्हणाले. मी हो म्हटलं. ही म्हणाली, ते पाणी मागत होते.

डेंटिस्ट भेटायला आले, फळं घेऊन. बाहेर येऊन म्हणाले, वयच झालं हो, याला कोण काय करणार. मी मान हलवली. हलवायला नको होती. पण हलली.

२४ मे

डिस्चार्ज. ताईची गाडी दारात. बाबा तिच्याकडे जाणार असं ठरलेलं दिसलं. कधी ठरलं, कोणी ठरवलं, मला कोणी विचारलं नाही. हिची बॅगही गाडीत. बाबांचं करायला कोणीतरी हवं, म्हणाली. मी म्हटलं, मीही येतो. ती म्हणाली, कशाला, तुम्ही आहात तिथेच बरे आहात.

रागाने म्हणाली असती तर मला काही बोलता आलं असतं.

२७ मे

वाचनालयात गेलो. सेक्रेटरींना म्हटलं, मला माझं मत द्यायचंय. बाईंच्या बाजूने. नोंद करून घ्या. ते म्हणाले, अहो, इतिवृत्त छापून झालं. मी म्हटलं, मग पुढच्या सभेत उभा राहून सांगतो. पुढचा विषय वेगळा आहे म्हणाले, पाळीव प्राणी आणि सोसायटीचे नियम. अध्यक्ष डेंटिस्ट.

बाहेर पडताना म्हणाले, तुमचं भाषण मात्र सगळ्यांना आवडलं. कोणालाच लागलं नाही.

३० मे

ताईने फोन बाबांच्या कानाला लावला. मी बोललो. शोरूमचं सांगितलं, एसी दुरुस्त झाल्याचं सांगितलं. तिकडून श्वास ऐकू येत होता. मग ताई म्हणाली, दमलेत. त्यांना इथे परत यायचंय का, असं विचारलं. तिने हिला दिला फोन. ही म्हणाली, नाही येणार ते. आणि तू? असं विचारणार होतो. पण मागे भांड्यांचा आवाज येत होता. कामात असावी.

३ जून

वरची रिकामी खोली बघवत नाही. जिन्यात पाऊल टाकलं की हात खाली करून कोट देणारे बाबा दिसतात. खोली भाड्याने द्यावी. निदान वर पावलं वाजतील. शोरूमच्या दारावर पाटी लावली.

संकल्प : येईल त्याला खरं सांगायचं. पहिल्याच वाक्यात. खोली दुपारी भट्टी होते, उन्हाळ्यात राहण्यासारखी नाही. त्यावर घ्यायची तर घ्या.

तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. आरशासमोर नाही. तशीच.

५ जून

सकाळी एक बाई आल्या. नर्स आहेत, बदली झालीय, बहुतेक रात्रपाळी असते. खोली आवडली. गच्ची बघितली, नळ सोडून बघितला, मशीन ठेवलेल्या जागी पलंग बसेल का ते पावलांनी मोजलं. मग विचारलं, दुपारी फार तापतं का हो?

मी म्हटलं, याबाबत दोन मतं आहेत.

म्हणजे तापतं, म्हणाल्या. मग भिंतीवर हात ठेवला, काढला, आणि म्हणाल्या, तापणारच, आतापर्यंत बघितल्या त्या सगळ्या खोल्या तापतात, परवडणारी कुठलीच थंड नाही. किल्ली कधी देता?

दिली.

रविवारी सामान आणतायत. दिवसा त्या झोपणार. सोबत आई आहे, मी कामावर गेले की तिला वर एकटीला बरं वाटेल, म्हणाल्या, शांत आहे जागा. आई म्हाताऱ्या आहेत, जिना चढताना कठडा आहे ना, एवढंच विचारलं.

आहे म्हटलं.

हिला अजून कळवलेलं नाही.