ताईच्या आधी वेदी

रविवार, ३ मे. दुपारी १.
आज फादरांच्या प्रवचनाने डोळे उघडले. म्हणाले, देव आपल्यावर न मागता प्रेम करतो, मग आपण ते परत कसं द्यायचं? मी तिथेच ताठ झालो. आयुष्यभर नुसतं घेतच आलोय! पुढचं प्रवचन विचारांच्या भरात नीट ऐकू आलं नाही. माणसांबद्दल काहीतरी होतं.
ठराव: चर्चच्या वेदीसाठी नवं कापड. अस्सल लिनन. मधोमध सोनेरी धाग्यात एकच शब्द, ‘प्रीती’. शिंप्याने प्रेम करायचं तर ते सुईनेच करणार.
उपासनेत एकमेकांना शांती देण्याच्या वेळी डाव्या-उजव्या शेजाऱ्यांशी हात मिळवले. मागे वळलो नाही. मागच्या बाकावर ताई असते. अकरा वर्षं माझ्या मागे बसून खोकते. मी मुद्दाम वरच्या पट्टीत गातो. मी मजेत आहे हे तिला कळलेलं बरं.

बुधवार, ६ मे.
बायकोने विचारलं, ताईंना भेटून किती वर्षं झाली? म्हटलं, दर रविवारी तिच्यापासून दोन हातांवर असतो. म्हणाली, हो, पाठ करून. हिला भक्तीतलं काही कळत नाही.
अकरा वर्षांपूर्वी आईला माती दिली त्या दिवशी ताई चारचौघांत म्हणाली होती, आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती आणि हा दुकानात बटणं लावत बसला. बटणं नव्हती. काजं होती. आरोप करण्याआधी माणसाने निदान कामाची माहिती घ्यावी.

शनिवार, ९ मे. संध्याकाळ.
फादरांकडे कबुली दिली. नेहमीची किरकोळ पापं. नेहमी तीन प्रार्थनांवर सुटका होते. आज म्हणाले, प्रार्थना राहू दे, बहिणीकडे जा. काही बोलू नकोस, तासभर नुसता जवळ बस. आणि लवकर जा. मी त्यांना कापडाची योजना सांगितली. म्हटलं, ते झालं की लगेच. जाळीपलीकडे फादरांनी कपाळाला हात लावला. भारावले असावेत.

रविवार, १० मे.
मिस्साची प्रार्थना संपल्यावर वेदीचं माप घेतलं. टेपचं दुसरं टोक घंटाकाकांनी धरलं. (चर्चची झाडलोट, घंटा, किल्ल्या सगळं त्यांच्याकडे. कुरकुरही त्यांच्याकडेच.) म्हणाले, आहे ते कापड फाटलंय कुठे? म्हटलं, काका, प्रेम फाटण्याची वाट बघत नाही. वाक्य बरं आहे. फादरांना वापरायला देईन.
आज ताईचा खोकला फार जवळून आला. थेट मानेवर. तिच्या त्या मलमाचा वाससुद्धा. शांतीच्या वेळी तर वाटलं, तिने हात पुढे केलाय आणि तो माझ्या कॉलरपासून बोटभर अंतरावर थांबलाय. वळलो नाही. अकरा वर्षांनी सुचलं, तर धर म्हणावं थोडा वेळ.

गुरुवार, १४ मे.
‘प्री’ झाली. लग्नाचे दोन सूट आणि हेडमास्तरांची पँट मागे पडली. हेडमास्तर म्हणाले, देवाला पँट लागत नाही, मला लागते. दुर्लक्ष केलं.
दुपारी मशीन चालू असताना मागून खोकला. थांबवलं. दुकानात कोणी नाही. चालू केलं. पुन्हा खोकला. पट्टा ढिला असणार. तेल घातलं.
तेलाने गेला नाही.

रविवार, १७ मे. दुपारी २.
आज मोठेपणा दाखवायचं ठरवलं होतं. आपणच वळायचं, हात द्यायचा. ट्रायलरूमच्या आरशात चेहरा बसवून गेलो होतो: दुखावलेला, पण क्षमाशील.
वळलो. बाक रिकामा.
नंतर घंटाकाकांना विचारलं, आज ताई नाही आली? काका माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, अहो, त्यांचं एक अंग फेब्रुवारीपासून गेलंय, अंथरुणावर आहेत. मग माझ्या मागे कोण बसतं? म्हणाले, त्या बाकाचा पाय मोडलाय. तेव्हापासून तिथे कुणालाच बसू देत नाही मी.
तीन महिने मी वरच्या पट्टीत कुणासाठी गात होतो?
बायकोला माहीत होतं. म्हणाली, तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा तुमचं मशीन चालू होतं. मग तू का नाही गेलीस? म्हणाली, तिच्या दारात पाऊल टाकायचं नाही असं कुणी बजावलंय?
उद्या जातो. दुकान उघडायच्या आधी.

सोमवार, १८ मे.
रिकाम्या हातांनी कसं जायचं? एकच अक्षर राहिलंय. कापड घेऊनच जावं, म्हणजे देव आणि ताई एका फेरीत होतील.
जेवायला बसलो, बायको समोर. तिच्या मागच्या भिंतीकडून खोकला आला. तिला ऐकू आला नाही.

बुधवार, २० मे. सकाळी ११.
गेलो! कापडाविना गेलो. जिना चढलो. दाराबाहेर उभा राहिलो. आतून खोकला. तोच. यावेळी खरा असावा. बेलवर बोट ठेवलं, दाबलं नाही. तेवढ्यात दार उघडलं. ताईला सांभाळणारी बाई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली. कोण पाहिजे, म्हणाली. अकरा वर्षांनी ‘भाऊ’ हा शब्द जिभेवर येईना. म्हटलं, शिंपी. म्हणाली, आज काही शिवायचं नाही. दार लागलं.
तरी निम्मं काम झालं. घर कळलं. उद्या तासभर बसतो.

गुरुवार, २१ मे.
हेडमास्तरांची पँट. निरुपाय.

शुक्रवार, २२ मे. दुपारी.
दहा वाजता ती सांभाळणारी बाई दुकान शोधत आली. म्हणाली, परवा आला होतात ते शिंपी तुम्हीच ना? आमच्या बाई पहाटे गेल्या. पांढरा झगा घालायचाय, पण लुळा हात सुजलाय, बाही चढत नाही. जरा येता का?
टेप, कात्री, टाचण्या घेतल्या. गेलो.
ताईच्या दंडाला टेप गुंडाळली. अकरा वर्षांत पहिल्यांदा हात लावला, तोही माप घ्यायला. चौदा इंच. बाहीची शिवण उसवली, आतली पट्टी सोडली, वाढवून टाचली.
बाई शेजारी उभी राहून बोलत होती. म्हणाली, एक भाऊ होता म्हणे यांना. महिनाभरापूर्वी यांनी पलंग फिरवून घेतला, दार दिसेल असा. जिन्यावर पाऊल वाजलं की मान उचलायच्या. परवा तुमचंही वाजलं तेव्हा उचलली होती. मीच सांगितलं, कोणी नाही हो, शिंपी होता. मग बाई मला म्हणाली, तुमच्याच धंद्यातला आहे वाटतं तो भाऊ. तुम्ही ओळखता का?
माझ्या तोंडात टाचण्या होत्या. बोलता आलं नाही.
बाही झाली. बाई उत्तराची वाट बघत होती. टाचण्या काही मी तोंडातून काढल्या नाहीत.