यादीतलं पहिलं नाव

वारजे, पुणे
२१ जुलै २०२५

तीर्थरूप बाबांस,
पूर्णिमाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. एक ओळ दुसरीवर चढली होती. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. आता डोळेही गेले तर मी तुमच्याशी बोलायचं कसं, हेच दिवसभर मनात असतं. १० ऑगस्टच्या मोतीबिंदू शिबिराला मी येणारच.

आमच्या पोलीस ठाण्यात महिला शिपायांची पदं बारा, हजर आम्ही सात. त्यामुळे रजा एका वेळी एकीलाच. हजेरी मास्तरांच्या हाताखाली रजेची यादी मीच लिहिते. पहिलं नाव माझं होतं, दुसरं अस्मिताचं. तिचं दीड वर्षाचं बाळ नाशिकला सासूकडे असतं, फोनवर तिला मावशी म्हणतं. हे सांगताना ती हसली, म्हणून जास्त भीती वाटली. मी तिचं नाव वर घेतलं. लेखणी माझ्या हातात असताना स्वतःला आधी ठेवणं बरं दिसेना. घरात ताटं वाढताना हेच तर शिकवलंत. ती चार तारखेला परतेल, मी आठला निघेन.

औषधाचे थेंब चुकवू नका. मालनबाईंना नमस्कार. माया असावी.
आपली पूर्णिमा

तुमसर
१३ ऑगस्ट २०२५

चि. पूर्णिमास अनेक आशीर्वाद.

अस्मिता परतली नाही, राजीनामाच पाठवला आणि तुझी रजा रद्द झाली, हा तुझा निरोप मालनबाईने आपल्या फोनवरून वाचून दाखवला. शेजारधर्म म्हणून शिबिरालाही तीच आली. कागदावर सही घरच्या माणसाचीच हवी होती. बहीण आहे म्हण, असं मागचा माणूस कुजबुजला. तिलाही ते जमेना, मलाही. दोघं तसेच परत आलो. वाटेत तिने मला हरिश्चंद्र म्हणून घेतलं, वर चहाही मलाच पाजायला लावला.

त्या पोरीवर राग धरू नकोस. पुढचं शिबिर २८ सप्टेंबरला. डॉक्टर म्हणाले, त्यापुढे थांबू नका. तुझं मागचं पत्र मला वाचता आलं नाही. यापुढे मोठ्या अक्षरात लिही, बाई.
तुझा बाबा महिपती

वारजे
२० ऑगस्ट २०२५

ती. बाबांस सा. न.

अक्षर मोठं काढलंय, पानावर थोडंच मावेल.

गणपतीच्या बंदोबस्तासाठी सगळ्यांच्या रजा बंद आहेत. त्यानंतरचंही साहेब सांगेनात. म्हणाले, सातांच्या सहा झाल्यात, तूच सांग कुणाला उभं करू.

मी राजीनामा दिला. महिन्याची नोटीस भरून येते. सही मी करीन.

यादीत आता पहिलं नाव शालनचं होतं. तिची आई नागपूरला दवाखान्यात आहे. मी गेल्यावर उरतील पाच, म्हणून मास्तरांनी ते खोडायला सांगितलं. मीच खोडलं.

तिला अजून सांगितलेलं नाही.
पूर्णिमा