ढिगातली ऊब

प्रिय धाकटे,

सुखरूप पोचले. तू ऐनवेळी यायचं नाही म्हणालीस, म्हणून शेजारची तुझी खाट रिकामीच आहे. मी तिच्यावर ओले मोजे वाळत घालते. इथली पद्धत साधी. दुपारपर्यंत शेतात राबायचं, त्या बदल्यात जेवण आणि निजायला जागा. औषध-फवारणी अजिबात नाही, त्यामुळे तण हातानंच उपटायचं. माझी कंबर काय म्हणते ते विचारू नकोस.

गच्चीचं काय ठरलं? महिनाअखेर ती रिकामी करायची आहे, आणि मास्तरांच्या वाळून गेलेल्या झाडांना तू कुणाला हात लावू देत नाहीस. तुझा नवरा कमी आणि त्या कुंड्यांचा आईबाप जास्त, असं मी त्यांना चिडवायचे. ते गेले आणि तू पाण्याची झारीच उचलली नाहीस. शेजारीण ‘कचरा’ म्हणाली, तर तिच्या तोंडावर दार आपटलंस. बरं केलंस.

काल सकाळी कडाक्याची थंडी होती. तोंड धुवायला बाहेर आले, तर गोठ्यामागच्या ढिगातून धूर! ‘आग, आग’ ओरडत मी त्यावर बादल्यांमागून बादल्या ओतल्या. शेताच्या मालकीणबाई धावत आल्या आणि पोट धरून खालीच बसल्या. “अहो बाई, वाफ आहे ती! खताला आंघोळ घातलीत होय?” मग माझी बाही कोपरापर्यंत सारून म्हणाल्या, “घाला हात आत. घाला, चावत नाही.”

घातला. धाकटे, वर दहिवर आणि आत चटका बसेल इतकी ऊब! शेण, कुजका पाला, भाज्यांची सालं. कुणी काडी लावलेली नाही, ऊनही पोचत नाही. सगळं मेलेलं, एकमेकांना बिलगून आपलं आपण तापलेलं. मी हात काढायचाच विसरले.

पण माझ्या पाण्यानं तो ढीग आता निवत चाललाय. मालकीणबाई म्हणतात, कोरडं घालायला हवं, वाळक्या काड्या, वाळका पाला, मिळेल तेवढा. म्हणून हे पत्र. मास्तरांची झाडं घेऊन ये. पोती तूच भर, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. इथंही तूच घाल, आणि मग कोपरापर्यंत हात घालून बघ.

तुझ्या खाटेवरचे मोजे काढून ठेवलेत.

वाट बघणारी, तुझीच
ताई