नामपल्लीला न केलेला फोन

आई, आज वॉर्डातून एका बाईंना घरी सोडत होते. जाताना त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना तुम्हीच सांगा ना. त्यांना न विचारता इथे आलो, आता तोंड कसं दाखवायचं?" मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस.

मी त्या नव्या हॉस्पिटलात लागले तेव्हा घरात केवढं कौतुक होतं. बाबा कोर्टात शिपाई, आणि घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. काचेच्या भिंती, आत एसी, खालच्या हॉलमध्ये दिवसभर केबल टीव्ही. तू पहिल्यांदा बघायला आलीस आणि दाराबाहेर चपला काढून आत आलीस. "आई, देऊळ नाही हे," मी सगळ्यांसमोर म्हणाले. तू निमूट परत जाऊन चपला घातल्यास.

माझं काम वॉर्डातल्या ज्युनियर डॉक्टरचं. मोठे डॉक्टर सकाळी फेरी मारून जात, मग पेशंट आमच्या हवाली. मला सगळं सुधारायची घाई होती. पेशंट घरी जाताना त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करून काय बदललं ते सांगायला हवं, असं मी मीटिंगमध्ये उठून बोलले. "मग तुम्हीच करा," असं हसत उत्तर आलं, आणि मी करू लागले. हिमायतनगर, दिलसुखनगर, शहरात जिथला पेशंट असेल तिथे. काही डॉक्टर खूश व्हायचे, काही खेकसायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही.

फक्त नामपल्लीच्या आपल्या घरच्या डॉक्टरसाबांना मी फोन केला नाही. तुझ्या छातीत दुखलं तेव्हा त्यांना न विचारता मी तुला परस्पर आमच्याकडे दाखल केलं होतं. त्याआधी त्यांनी मला संध्याकाळी आपल्या दवाखान्यात बसायला बोलावलं होतं, "मेरे बाद ये कुर्सी तुम्हारीच है बेबी" म्हणाले होते, आणि त्यांना काही न कळवता मी काचेच्या हॉस्पिटलात गेले होते. माझ्या कॉलेजच्या वर्षांत त्यांनी तुझ्याकडून फी घेतली नव्हती. आता फोनवर काय बोलायचं, ते मला सुचेना. तुला घरी सोडलं त्या दिवशी इतर सगळ्यांचे फोन मी केले. नामपल्लीचा उद्या करू म्हटलं.

तू सवयीने त्यांच्याकडे जात राहिलीस. हॉस्पिटलचं तूही बोलली नाहीस. ते मी सांगायचं, असं तुला वाटत होतं. त्यांनी शुगरची त्यांची नेहमीची गोळी कागदाच्या पुडीत बांधून दिली. मी दिलेल्या पाकिटातली गोळी तीच होती, नाव तेवढं वेगळं. मग ती सकाळ. तू ओट्याशी उभी आहेस, पोळी तव्यावर जळते आहे आणि तू बघत नाहीस. मी हाक मारते तर काहीतरी भलतंच बोलतेस. पदर घामाने भिजलेला. मी साखरेचं पाणी तुझ्या तोंडात घालते.

शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "दोन्ही गोळ्या घेत होतीस?"

"मग? त्यांची टाकून देऊ का तुझी टाकून देऊ? दोघांनी प्रेमानंच दिली ना."

मी तुला पुन्हा दाखल केलं, तेव्हा डॉक्टरसाब तुला बघायला हॉस्पिटलात आले. पास घेऊन, भेटायला येणाऱ्यांच्या रांगेतून. तू त्यांना म्हणालीस, "उपास केला होता, त्यानं झालं." माझ्यासाठी खोटं बोललीस. मी गळ्यात स्टेथोस्कोप घालून शेजारी उभी होते. "उपास नक्को बोला था ना अम्मा," ते म्हणाले. मग मला विचारलं, "यहाँ क्या दे रहे?" मी पाकीट दाखवलं. त्यांनी ते चष्मा वर करून वाचलं, परत माझ्या हातात दिलं. तुला म्हणाले, "अब मेरी गोली बंद, अम्मा. अब बेबी जो देगी वोइच खाना." तू मान हलवलीस, पण ते गेल्यावर बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस.

त्यानंतर तू त्यांच्याकडे जाणं सोडून आमच्या ओपीडीत यायचीस. टोकन घेऊन लोखंडी खुर्चीवर बसायचीस. दर वेळी नवा डॉक्टर, दर वेळी इंग्रजीत चार ओळी. "कशी आहेस," मी घरी विचारायचे. "बरी आहे की. तू जेव आधी, दमून आलीस." मला ते खरं मानायला सोयीचं होतं.

तू गेलीस त्या दिवशी डॉक्टरसाब घरी आले. बाबांचा हात हातात धरून बसले. मग त्यांनी विचारलं, "पाँव पे सूजन थी क्या?" बाबा म्हणाले, "हौ, बऱ्याच दिवसांपासून. संध्याकाळी पायात चप्पल जात नव्हती." ती हृदय थकल्याची खूण असते, आणि मला ती सूज माहीतच नव्हती, आई. एकाच घरात राहून. त्यांच्या दवाखान्यात तू आधी गल्लीतल्या भांडणांचं सांगायचीस, मग भाजी महाग झाल्याचं, आणि त्यातच कधीतरी पायांचंही सांगितलं असतंस. सांगायची ती एकच जागा तुला होती, आणि ती माझ्यामुळे गेली.

आता मी दुसरीकडे काम करते. नवीन आलेल्या मुलामुलींना बजावते की फोन झाल्याशिवाय पेशंट सोडायचा नाही. ते मला फार तत्त्वाची समजतात. आजही त्या बाईंच्या डॉक्टरांना मी फोन लावला, सगळं नीट सांगितलं, ते माझ्यावर थोडे चिडलेही. हे तुला पोचणार नाही, म्हणून एवढं लिहिते. पलीकडे घंटा वाजत असते तेव्हा दर वेळी क्षणभर मला अजूनही वाटतं, कोणी उचलू नये.